बागेच्या निगेसाठी लहान ट्रॅक्टर : निवडीचे निकष

महाराष्ट्रातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरपर्यंत खाली आले. जमिनीचे असे तुकडे होत असतानाच नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांत द्राक्षे व डाळिंबे यांसारख्या फळबागांनी मूळ धरले. बागायतीचे काम नांगरट आणि पेरणीवर संपत नाही. फवारणी, ओळींमधील मशागत, गवताचा बंदोबस्त, शेणखताची वाहतूक, छाटणीच्या काड्या बाहेर काढणे, बांध व शेतरस्त्याची डागडुजी अशी कामे वर्षभर चालूच राहतात. बैलजोडी बाळगणे अनेकांना परवडेनासे झाले आहे आणि मजूर हवे तेव्हा मिळतातच असे नाही. मोठा ट्रॅक्टर नांगरटीस उपयोगी खरा, परंतु तो वेलींच्या ओळीत शिरू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी साधारण ११ ते ३० अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर बाजारात आले आणि बागायतदारांनी त्यांचे स्वागत केले.

मात्र लहान ट्रॅक्टर आकाराने लहान असला, तरी त्यात गुंतणारी रक्कम लहान नसते. खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न बहुधा 'किती अश्वशक्तीचा ?' असा विचारला जातो. वास्तविक तो शेवटचा प्रश्न होय. कोणते काम, किती जागेत आणि वर्षाकाठी किती तास, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, तर योग्य यंत्राची निवड बरीचशी आपोआप होते. ती न शोधता घेतलेला ट्रॅक्टर एक तर गोठ्याशेजारी उभा राहतो किंवा पेलत नाही असे काम करता करता लवकर झिजतो. कर्जाचा हप्ता मात्र दोन्ही स्थितींत थांबत नाही.

ओळ, मांडव आणि वळणाची जागा

निवडीची सुरुवात दुकानातून नव्हे, तर बागेतून मोजपट्टी घेऊन करावी. द्राक्षाच्या दोन ओळींत ९ फूट अंतर असले, तरी ते सर्व अंतर ट्रॅक्टरला मिळत नाही. दोन्ही बाजूंचे बोद, ठिबकच्या नळ्या, वाय पद्धतीचे तिरपे अँगल आणि बाहेर आलेल्या फुटी यांमुळे प्रत्यक्ष मोकळी वाट बरीच कमी होते. डाळिंबात ओळींतील अंतर १४ फूट ठेवलेले असले, तरी फळांनी वाकलेल्या फांद्या वाट अडवितात. म्हणून मोजणी छाटणीनंतरच्या मोकळ्या बागेत न करता पानोरा पूर्ण वाढलेला असताना करावी. जमिनीलगत, चाकाच्या उंचीवर आणि चालकाच्या खांद्याच्या उंचीवर अशी तीन ठिकाणी रुंदी घ्यावी. त्यांतील सर्वांत लहान माप हेच खरे माप होय.

मांडव पद्धतीच्या बागेत उंचीचाही विचार करावा लागतो. चालक आसनावर बसल्यावर त्याचे डोके तारांना किंवा घडांना लागता कामा नये. काही ट्रॅक्टरांचा सायलेन्सर उभा असतो, तर काहींचा बाजूने खाली वळविलेला असतो. मांडवाखाली दुसराच प्रकार उपयोगी पडतो. कारण उभ्या सायलेन्सरचा तप्त धूर थेट पानांवर व घडांवर जातो.

ओळ संपल्यावर वळण्यासाठी लागणारी जागा ही आणखी एक दुर्लक्षित बाब. ट्रॅक्टरच्या मागे ओढण्याचा फवारणी पंप जोडला की वळणास लागणारी जागा वाढते. बांधालगत पुरेशी मोकळी पट्टी नसेल, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला यंत्र दोनतीनदा मागेपुढे करावे लागते. त्यात वेळ व डिझेल वाया जाते आणि कडेच्या वेलींना इजा होते. नवी बाग लावणाऱ्याने दोन्ही टोकांच्या वळणपट्टीची आखणी लागवडीपूर्वीच केलेली बरी.

अश्वशक्तीचा अर्थ

माहितीपत्रकावर ठळकपणे छापलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. ती सर्वच्या सर्व अवजारापर्यंत पोहोचत नाही. फिरत्या अवजारांना शक्ती देणाऱ्या मागील दांड्याला पी.टी.ओ. म्हणतात. या दांड्यावर इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ८५ टक्के शक्ती मिळते. म्हणजे २० अश्वशक्तीच्या इंजिनापासून रोटाव्हेटरला किंवा ब्लोअरला सुमारे १७ अश्वशक्ती उपलब्ध होते. नांगर किंवा ट्रॉली ओढताना चाकांची घसरण होते. त्यामुळे ओढीसाठी मिळणारी शक्ती आणखी कमी भरते, भुसभुशीत जमिनीत तर ती फारच घटते. दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना इंजिनाची नव्हे, तर पी.टी.ओ.ची अश्वशक्ती विचारावी. शासकीय अनुदानाचे गटही याच शक्तीवर आधारलेले आहेत.

फवारणी करणाऱ्या बागायतदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. पी.टी.ओ. दांड्याचे प्रमाणित फेरे मिनिटाला ५४० असतात. ब्लोअरचा पंखा पूर्ण जोमाने फिरण्यासाठी हे फेरे कायम राहिले पाहिजेत आणि त्याच वेळी ट्रॅक्टरची चाल मात्र संथ हवी. यासाठी कमी गतीचे गिअर पुरेसे असावे लागतात. चाल तपासण्याची रीत सोपी आहे. ५० मीटर अंतर आखून घ्यावे. ते ६० सेकंदांत पार झाले तर ट्रॅक्टरची गती ताशी ३ किलोमीटर आहे असे समजावे.

वजन, उचल आणि चाके

अश्वशक्ती अधिक म्हणजे यंत्र अधिक चांगले, असा समज बराच रूढ आहे. बागेत तो अनेकदा चुकीचा ठरतो. बागेत ट्रॅक्टरची चाके वर्षानुवर्षे त्याच दोन पट्ट्यांवरून जातात. वजनदार यंत्रामुळे तेथील माती दबते, पाणी मुरण्यास अडथळा होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. काळ्या भारी जमिनीत ओलावा असताना ही हानी अधिक होते. म्हणून काम भागविणारा सर्वांत हलका ट्रॅक्टर हा बागेसाठी सर्वांत चांगला, असे सूत्र ठेवण्यास हरकत नाही.

मात्र हलकेपणालाही मर्यादा आहे. ट्रॅक्टरच्या मागे भारी अवजार उचलले की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूचा ताबा सुटतो. माहितीपत्रकातील उचलक्षमता बहुधा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचा भार त्याहून मागे पडत असल्याने प्रत्यक्ष क्षमता कमी भरते. पाठीवर बसविण्याच्या फवारणी पंपात ३०० लिटर पाणी भरले, तर पाण्याचेच वजन ३०० किलो होते. टाकी, पंप आणि पंखा यांचे वजन वेगळे. टाकी भरलेल्या स्थितीत उचल तपासावी व गरज असेल तर पुढे वजने लावावीत.

फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणारी रचना, सर्वांनाच आवश्यक आहे असे नाही. सपाट, मुरमाड व निचऱ्याच्या जमिनीत दोन चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर पुरतो आणि तो स्वस्तही पडतो. काळी चिकण जमीन, पावसानंतर तातडीने करावी लागणारी फवारणी किंवा डोंगरउतारावरील बाग असेल, तर मात्र चारही चाकांची पकड कामी येते. त्यासाठी किंमत अधिक मोजावी लागते, पुढच्या आसाची देखभाल वाढते आणि काही यंत्रांत वळणाची त्रिज्याही मोठी होते. हे सर्व जमेस धरूनच निर्णय घ्यावा.

ट्रॅक्टर एकटा काही करीत नाही

काम अवजार करते. ट्रॅक्टर त्याला शक्ती पुरवितो. म्हणून अवजारांची यादी आधी आणि ट्रॅक्टरची निवड नंतर, असा क्रम असावा. रोटाव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरच्या बाहेरील चाकांच्या रुंदीइतकी किंवा किंचित अधिक असावी. तसे नसेल तर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. उलट, ट्रॅक्टरला न पेलणारा रुंद रोटाव्हेटर जोडल्यास इंजिन दमते आणि डिझेल अधिक जळते. साधारण १५ ते १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ०.८ ते ०.९ मीटर आणि २२ ते २८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला १ ते १.२ मीटर रुंदीचा रोटाव्हेटर शोभतो. जमीन जितकी भारी, तितकी रुंदी कमी धरावी.

ट्रॉलीच्या बाबतीत किती ओझे ओढता येईल यापेक्षा किती ओझे थांबविता येईल हा प्रश्न महत्त्वाचा. उतारावर भरलेली ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते. मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली लहान ट्रॅक्टरला जोडण्याचा मोह त्यामुळे कटाक्षाने टाळावा.

तासांचा हिशेब

ट्रॅक्टर घेणे परवडेल काय, याचे उत्तर एकरांत नव्हे तर तासांत मिळते. हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्यातील रकमा केवळ नमुन्यादाखल धरल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो स्वतः मांडावा.

समजा, ट्रॅक्टर ४,००,००० रुपयांचा आणि अवजारे १,००,००० रुपयांची आहेत. १० वर्षांनंतर १० टक्के किंमत उरेल असे धरल्यास वार्षिक घसारा ४५,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के दराने व्याज २७,५०० रुपये आणि विमा, निवारा इत्यादींसाठी ७,५०० रुपये. असा एकूण ८०,००० रुपयांचा स्थिर खर्च दरवर्षी होतो. यंत्र चालो वा न चालो. चालविण्याचा खर्च, म्हणजे डिझेल, वंगण, दुरुस्ती आणि चालकाची मजुरी मिळून, तासाला ३३० रुपये धरू. तेच काम भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घेतल्यास तासाला ७०० रुपये पडतात असे मानले, तर स्वतःच्या ट्रॅक्टरमुळे तासाला ३७० रुपये वाचतात. ८०,००० रुपये भरून निघण्यासाठी वर्षाला सुमारे २१६ तास काम हवे.

आता कामाचे तास पाहू. ९ फूट अंतराच्या बागेत एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे १,४७५ मीटर भरते. ताशी ३ किलोमीटर गतीने फवारणीस अर्धा तास लागतो. वळणे व टाकी भरणे धरून पाऊण तास. १ मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरच्या प्रत्येक ओळीत दोन फेऱ्या धरल्यास एकरी सव्वा तास पुरतो. चार एकर बागेत वर्षाला ४० फवारण्यांचे १२० तास, सहा वेळच्या मशागतीचे ३० तास आणि वाहतूक व इतर कामांचे ५० तास मिळून २०० तास होतात.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. दोन एकरांच्या बागेला १०० तासांचेच काम असेल, तर बचत ३७,००० रुपये आणि स्थिर खर्च ८०,००० रुपये. म्हणजे दरवर्षी ४३,००० रुपयांची तूट. चार एकरांना हिशेब जवळजवळ बरोबरीत येतो. दोघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून सात एकरांसाठी एकच ट्रॅक्टर घेतला, तर काम ३५० तासांवर जाते आणि खर्च भागून ४९,५०० रुपये उरतात. जमीन वाटली गेली तरी यंत्र सामाईक ठेवता येते, हे या आकड्यांचे सांगणे आहे.

पैशांत सहजी न मोजता येणारी एक बाब मात्र येथे नमूद केली पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, तर केवडा रोग थोड्याच काळात बाग व्यापू शकतो. अशा वेळी गावातील सर्वांनाच एकाच दिवशी भाड्याचे यंत्र हवे असते. वेळेवर झालेली एक फवारणी संपूर्ण हंगामाचे उत्पन्न राखू शकते. चार एकरांचा बरोबरीत आलेला हिशेब स्वतःच्या ट्रॅक्टरच्या बाजूने झुकतो तो याच कारणाने. ज्यांच्या बागेत अशी निकड नाही, त्यांनी कृषी अवजारे बँकेतून किंवा गावातील भाड्याच्या यंत्राकडून काम करून घेणे, अथवा पॉवर टिलरचा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

चाचणी अहवाल आणि प्रात्यक्षिक

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांची शास्त्रशुद्ध चाचणी करते. पी.टी.ओ.ची कमाल शक्ती, डिझेलचा खप, उचलक्षमता, वळणाची त्रिज्या, ब्रेकची कार्यक्षमता इत्यादी बाबी तिच्या अहवालात नोंदविलेल्या असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल अवश्य मागावा आणि माहितीपत्रकातील आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या कृषी अभियांत्रिकी तज्ज्ञांचा सल्लाही उपयुक्त ठरतो.

कागदावरील माहितीनंतर प्रात्यक्षिक. ते विक्रेत्याच्या अंगणात न पाहता आपल्या बागेतील सर्वांत अरुंद ओळीत, टाकी पूर्ण भरून आणि शक्य असल्यास ओल असताना पाहावे. जवळच्या गावात तोच ट्रॅक्टर दोनतीन वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्यास डिझेलचा खप, सुट्या भागांची उपलब्धता आणि ऐन हंगामात दुरुस्तीस लागलेला वेळ यांविषयी विचारावे. चाळीस किलोमीटरांवरील मेकॅनिक फवारणीच्या दिवशी उपयोगाचा नसतो.

शासकीय अर्थसाह्य

केंद्र शासनाने २०१४-१५ पासून राबविलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुसूचित जाती-जमातींचे, महिला आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी यांना ५० टक्के, तर इतर शेतकऱ्यांना ४० टक्के अनुदानाचे प्रमाण ठेवण्यात आले. प्रत्येक गटासाठी कमाल रक्कम ठरविलेली असून प्रत्यक्ष अनुदान त्या मर्यादेतच मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी केल्यास अनुदानास मुकावे लागते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आखली. २०१२ च्या शासन निर्णयात कमाल खर्चमर्यादा ३,५०,००० रुपये आणि गटाचा स्वहिस्सा १० टक्के असा होता. दर व मर्यादा वेळोवेळी बदलतात; म्हणून अर्जापूर्वी तालुका कृषी अधिकारी अथवा समाजकल्याण कार्यालयाकडून चालू तरतुदी समजून घ्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. दरपत्रकात त्याचा लाभ दिला आहे किंवा नाही, हेही पाहावे.

अनुदान मिळते म्हणून ट्रॅक्टर घेणे मात्र योग्य नव्हे. अनुदानाने खरेदीची किंमत कमी होते. कामाचे तास वाढत नाहीत.

जीव राखूनच काम

यंत्र लहान दिसते म्हणून त्याचे भय वाटत नाही आणि धोका तेथेच सुरू होतो. अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर रुंद ट्रॅक्टरपेक्षा लवकर कलंडतो. बांध किंवा चर जितका खोल असेल, निदान तितके अंतर त्याच्या कडेपासून राखावे. ओढण्याचे ओझे नेहमी खालच्या ठराविक जागीच जोडावे. वर बांधल्यास ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. संरक्षक कमान असलेल्या ट्रॅक्टरवर कमान उभी असताना आसनपट्टा बांधावा. मांडवाखाली कमान दुमडावी लागल्यास पट्टा बांधू नये आणि बाहेर येताच कमान पुन्हा उभी करावी.

पी.टी.ओ. दांड्यावरील आवरण कधीही काढून टाकू नये. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या दांड्यात साडीचा पदर, धोतर किंवा उपरणे सापडल्यास सावरण्यास क्षणाचीही सवड मिळत नाही. रोटाव्हेटरमध्ये अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. मडगार्डवर मुलांना किंवा मजुरांना बसवू नये. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक जोडून घ्यावेत आणि ट्रॉलीला परावर्तक लावावेत. लहान ट्रॅक्टरांना बहुधा केबिन नसते; त्यामुळे फवारणी करताना मुखवटा, हातमोजे आणि अंगभर कपडे ही चैन नसून गरज होय. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना या बाबीही पूर्ण असाव्यात.

लहान ट्रॅक्टर हे छोट्या बागायतदाराच्या हाती आलेले समर्थ साधन आहे यात शंका नाही. बागेची वाट मोजून, अवजारे ठरवून आणि तासांचा हिशेब मांडून त्याची निवड झाली, तर ते कष्ट हलके करील व पीक वेळेवर राखील. या मोजमापाला एक मोजपट्टी, एक वही आणि दोन दिवस पुरतात. दहा वर्षांच्या गुंतवणुकीसाठी एवढा वेळ काढणे प्रत्येक बागायतदाराच्या हिताचे आहे.